फटी राखून रचलेली भिंत

एल्वेरुम हे नॉर्वेच्या पूर्व भागातलं, जंगलानं वेढलेलं गाव. ग्लोमा नदी गावातून जाते. या नदीतून 1985 सालापर्यंत ओंडके वाहत कारखान्यांकडे जात असत, आणि देशाचं वनसंग्रहालयही याच गावात आहे. वसंतात बर्फ वितळला की या मुलखातल्या घराघरांच्या अंगणात एक नवी भिंत उभी राहते. उंची माणसाच्या खांद्याइतकी, जाडी जेमतेम हातभर, आणि लांबी ज्याच्या त्याच्या थंडीच्या धास्तीप्रमाणे. भिंत लाकडांची. तिला माती नाही, चुना नाही, खिळा नाही की दोरी नाही. ऑक्टोबरपासून ती हळूहळू घरात जाणार आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तिची राख होणार, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो ती ओळंब्यात बांधतो.

सरपणाची रास बघून पुढे जायची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं, ही रास थांबून वाचावी. तिच्यात रचना आहे, तिला व्याकरण आहे, चांगलं-वाईट आहे, आणि जाणकारांमध्ये तिच्यावरून वाद होतात. लाकडं कशी रचली आहेत यावरून माणूस जोखायची गमतीदार परंपराही थंड मुलखांत आहे. सरळ, ठाशीव रास दिसली की माणूस भरवशाचा. रास फार उंच गेली की उमेद मोठी, पण कोसळण्याची भीती. लार्श मितिंग या नॉर्वेजियन लेखकाने असे आडाखे गोळा करून आपल्या पुस्तकात दिले आहेत.

हे पुस्तक म्हणजे ‘हेल व्हेद’. मितिंग 1968 साली गुडब्रान्सदाल या दरीतल्या एका गावात जन्मले आणि पुढे एल्वेरुमला राहायला आले. 2011 साली हे पुस्तक निघालं तेव्हा ते कादंबरीकार होते. लाकूड तोडणं, फोडणं, रचणं, वाळवणं आणि जाळणं एवढाच पुस्तकाचा विषय. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ते धडाक्यानं खपलं. 2015 साली ‘नॉर्वेजियन वुड’ या नावानं त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ग्रंथव्यवसायाने त्याला ललितेतर विभागातलं वर्षाचं पुस्तक ठरवलं. सुरुवातीला लेखक आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याचं चित्र काढतो. छातीचं दुखणं घेऊन बसलेला हा माणूस वसंत लागताच ट्रॅक्टरभर लाकडं उतरवून घेतो आणि महिनाभर, जमेल तसं, एकेक लाकूड उचलून रचत जातो. थंडी नुकतीच सरलेली असते आणि हा पुढच्या थंडीची बेगमी करत असतो. मितिंग यांचं सगळ्यात सुंदर लिखाण या थोड्या पानांत आहे. पुढचा भाग माहितीचा आहे. तो उत्तम आहे, पण ती माहितीच आहे. म्हणून मी पुस्तक मांडीवर ठेवून त्या भिंतीकडेच बघतो.

पहिली गोष्ट लक्षात येते ती फटींची. गवंडी भिंत बांधतो तेव्हा दोन दगडांमधली फट बुजवणं हे त्याचं निम्मं काम असतं. इथं सगळं उलटं आहे. इथं फट राखायची असते. लाकूड हे निमित्त. बांधायचा असतो तो वाऱ्याचा रस्ता. नवखा माणूस ढलपे एकमेकांत घट्ट बसवत जातो, समोरून ते दिसतंही देखणं, आणि सप्टेंबरात आतली लाकडं उचलली की ती तळहाताला गार लागतात, बुरशीचा वास येतो. मुरलेला माणूस ढलपा ठेवतो, किंचित फिरवतो आणि तो डुगडुगत नाही पण शेजाऱ्याला पुरता चिकटतही नाही अशा जागी सोडतो. पापड एकावर एक ठेवून कुणी वाळवत नाही, इतकं ते साधं आहे. फरक एवढाच, की इथं जागेअभावी एकावर एकच ठेवायचे आहेत आणि तरीही प्रत्येकाला वारा द्यायचा आहे. या रचनेतली सगळी कला या अडचणीतून जन्मली आहे.

भिंत पायापासून वाचत वर गेलं पाहिजे. तळाशी दोन लांब वासे समांतर टाकलेले असतात आणि त्यांच्यावर आडवी रास बसते, जमिनीपासून वीतभर उंच. खालचा थर मातीला टेकला की तो जमिनीतली ओल पीत राहतो आणि त्याच्यामागून वरचे थरही नासतात. आपल्याकडे सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. राशीत ओल्याबरोबर सुकंही कुजतं. दोन्ही टोकांना खांब असतात. खांब म्हणजे दोन-तीन ढलपे सरळ, त्यांच्यावर दोन-तीन आडवे, पुन्हा सरळ, पुन्हा आडवे. सगळ्या राशीचा रेटा या दोन खांबांवर येतो. म्हणून लाकडं फोडतानाच चौकोनी, सपाट बाजूंचे ढलपे वेगळे काढून ठेवायचे आणि ते खांबांसाठी वापरायचे. रास बघताना मी आधी टोकं बघतो. मधली लाकडं कुणीही रचू शकतो. टोकाचा खांब खिळ्याशिवाय सहा महिने उभा राहिला पाहिजे, तोही त्याच्यातली लाकडं रोज आक्रसत असताना.

हे आक्रसणं नीट समजून घेतलं पाहिजे. ओलं लाकूड वाळताना लहान होतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ तेवढंच राहतं. गाभ्यापासून सालीकडे थोडं कमी होतं, आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट कमी होतं. लाकडाच्या टोकाला चिरा पडतात त्या या असमान ओढीमुळेच. गाभ्यातून बाहेर फाकणाऱ्या त्या बारीक चिरा म्हणजे लाकूड वाळू लागल्याची पहिली खूण. आता अशी हजार लाकडं एकावर एक असली तर वसंतात खांद्याएवढी असलेली भिंत शरदात काही बोटं खाली बसते. आणि उन्हाकडची बाजू आधी वाळते, आधी आक्रसते, म्हणून सगळी रास हळूहळू उन्हाकडे झुकायला लागते. जाणकार हे धरून चालतो आणि बांधतानाच तिला केसभर मागे कलतं ठेवतो. पुढे सहा महिन्यांनी कुठं काय हलणार आहे याचा हिशोब आज करायचा, आणि ती जेव्हा सरळ होईल तेव्हा कौतुक करायला कुणी आलेलं नसतं. या एका गोष्टीसाठी मी ही रचना कारागिरीच्या वरची मानतो.

आता एक ढलपा हातात घेऊ. नॉर्वेत सरपणाचा राजा बर्च. आपल्या हिमालयातला भूर्ज त्याचा सख्खा भाऊबंद. ज्याच्या सालीवर काश्मिरातल्या पोथ्या लिहिल्या गेल्या तोच हा वंश. साल पांढरी, कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्याने सुटणारी, मधूनमधून काळ्या आडव्या रेघा. या सालीत तेलकट अंश असतो, त्यामुळे तिच्यातून पाणी जात नाही. पोथी टिकली ती त्यामुळे. नॉर्वेत पूर्वी घरांच्या छपरावर गवताळ मातीचे थर देत, त्यांच्याखाली हीच साल अंथरत, म्हणजे पावसाचं पाणी घरात उतरत नसे. आणि तीच साल ओंडक्यातलं पाणीही बाहेर पडू देत नाही. बर्चचा अखंड ओंडका सालीसकट ठेवून दिला तर बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून कुजून भुसा होतो. म्हणून तो फोडायलाच लागतो, आणि लवकर. फोडल्यावर मात्र तीच साल उपयोगी पडते: भिजलेल्या जंगलातही बर्चची साल काडीला पेटते.

ढलप्याचं टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहा. झाड जिवंत असताना मुळांपासून पानांपर्यंत पाणी ज्या नळ्यांतून चढलं त्या सगळ्या नळ्यांची तोंडं इथं उघडी पडलेली असतात. पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः इथूनच. ढलप्याच्या बाजूंनी ते फार हळू पडतं. म्हणून लाकूड वाळवण्याचा पहिला नियम कुऱ्हाडीचा नसून करवतीचा आहे: चुलाण्यात मावेल एवढ्या, म्हणजे साधारण फूटभर लांबीचे तुकडे आधी पाडून घ्यावेत. सहा फुटी ओंडका दोन वर्षं पडून राहिला तरी मधे ओलाच असतो. फूटभर लांबीचा, फोडलेला, वारा लागणारा बर्च चांगल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत जाळण्याजोगा होतो. याची जुनी परीक्षा मजेची आहे. ढलप्याच्या एका टोकाला भांडी घासायचा साबण लावायचा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरानं फुंकायचं. लाकूड वाळलं असेल तर साबणाच्या टोकाला बुडबुडे येतात. चुलीत फुंकणीने फुंकणारे आपण, लाकडातूनच फुंकता येतं हे आपल्याला सुचलं नाही! दुसरी परीक्षा कानाची. दोन ढलपे एकमेकांवर आपटावेत. सुके असतील तर आवाज खणखणीत येतो, ओले असतील तर बद्द.

आता आकडे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. जाळण्याजोग्या लाकडात ते वीस टक्क्यांच्या खाली यायला हवं. लोक म्हणतात, ओलं लाकूड पाणी उडवण्यातच सगळी उष्णता घालवतं. हिशोब करून पाहिला तर हे तितकंसं खरं नाही. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटच्या आत वीज लागेल इतकी उष्णता खर्च होते. तोच ढलपा ओला जाळला काय आणि वाळवून जाळला काय, नुसत्या वाफेपोटी तोटा होतो तो दहा टक्क्यांच्या आसपास. खरा घात वेगळा आहे. लाकडाच्या कोरड्या वजनातला सुमारे ऐंशी टक्के भाग तापल्यावर वायू होऊन उडतो, आणि ज्वाला म्हणून आपल्याला दिसतो तो हा वायू जळताना. तो पुरता जळायला साधारण सहाशे अंशांची धग लागते. ओल्या लाकडाची आग तिथवर पोचतच नाही. मग उष्णतेचा मोठा वाटा न जळताच धूर होऊन धुराड्यात जातो, तिथं थंड होऊन डांबरासारखा थर धरतो, आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. थंड देशांत धुराड्याला आग लागून घरं जातात त्यामागं बहुतेक वेळा ही आळशीपणे रचलेली रास असते.

म्हणजे अंगणातली ती भिंत नीट रचली होती का, याचं उत्तर शेवटी धुराड्याच्या तोंडाशी मिळतं. वरून धूर दिसत नसेल, नुसती हवा थरथरताना दिसत असेल, तर रचणारा कुशल.

चुलाण्याचाही यात वाटा आहे. 1853 साली सुरू झालेल्या योतुल या नॉर्वेजियन कारखान्याचं 118 नंबरचं बिडाचं चुलाणं लांबट पेटीसारखं असतं. त्यात लाकडं दारापासून मागपर्यंत घालतात आणि ती दाराकडून पेटत, चिरूट जळावा तशी, मागं सरकत जळतात. 1998 पासून नॉर्वेत नवं चुलाणं विकायचं तर एक किलो लाकडामागं दहा ग्रॅमहून जास्त कण धुरात जाता कामा नयेत असा दंडक आला. त्यानंतरच्या चुलाण्यांत वरून तापलेली हवा सोडून उडालेला वायू दुसऱ्यांदा जाळतात. तिकडे हल्ली विस्तव पेटवायचाही वरून. मोठी लाकडं खाली, बारीक काटक्या त्यांच्यावर, आणि काडी सगळ्यात वर. आपल्या चुलीवर वाढलेल्याला हे उरफाटं वाटेल, पण खालून उठणारा वायू वरच्या ज्वाळेतूनच जातो आणि जळून जातो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पटतं.

ऋतूंकडे वळू. नॉर्वेजियन घरातलं वेळापत्रक ठरलेलं असतं. झाडं तोडायची हिवाळ्याच्या उत्तरार्धात, कारण तेव्हा जमीन गोठलेली असते, बर्फावरून ओंडके ओढणं सोपं जातं आणि झाडात रस कमी असतो. फोडायची कडाक्याच्या थंडीत, कारण गोठलेलं लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात दुभंगतं. त्याच बर्चला मे महिन्यात घण आणि पाचर लागते. आणि रचून मोकळं व्हायचं ईस्टरच्या सुमारास. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पूर्व नॉर्वेत एप्रिल-मे हे वर्षातले सगळ्यात कोरडे महिने. ऊन अजून कोवळं असतं, पण हवा तहानलेली असते, आणि लाकूड वाळतं ते उन्हापेक्षा हवेच्या तहानेनं. जुलैत रचणारा माणूस सगळी उष्णता मिळवतो आणि कोरडेपणा गमावतो. ऑगस्टनंतर हवेत दमटपणा वाढतो आणि वाळलेलं लाकूड रात्री पुन्हा ओल धरू लागतं. तेव्हा ते खोपीत न्यायचं.

ज्यांचं हे वेळापत्रक चुकलं त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. पानं फुटल्यावर झाड तोडायचं, पण फांद्या न छाटता ते तसंच आडवं पडू द्यायचं. झाड मेलं आहे हे पानांना लगेच कळत नाही. ती काही दिवस ऊन पीत राहतात आणि खोडातलं पाणी ओढून हवेत सोडत राहतात. पानं वाळली की समजायचं, झाडानं आपलं आपणच बरंचसं पाणी उपसलं आहे. मग करवत लावायची. यात क्रौर्य आहे असं म्हणणारे म्हणोत. मला त्यातलं निरीक्षण थक्क करतं.

कोकणात हेच काम अगदी उलट्या घड्याळावर चालतं. आगोटीच्या दिवसांत, मृग लागायच्या आत, वर्षभराची फाटी खोपीत किंवा पडवीत गेली पाहिजेत. तिथं शत्रू थंडी नाही, चार महिन्यांचा पाऊस आहे, आणि लाकूड लागतं ते ऊब घ्यायला नव्हे, भात शिजवायला आणि न्हाणीतलं पाणी तापवायला. पण आपल्याकडच्या पडवीतली फाटी कुणी अशी ओळंब्यात रचत नाही, आणि त्याला कारण आहे. एप्रिल-मेचं ऊन आपल्याला इतकं काही देऊन जातं की फटींचा विचार करायची वेळच येत नाही. कला बहुधा जिथं काही फुकट मिळत नाही तिथं उगवते.

मोजमापातही असाच फरक आहे. आपल्या वखारीत लाकूड वजनावर मिळतं. त्यामुळे वखारवाल्यावर संशय असतो तो पाण्याचा: लाकडं भिजवून वजन वाढवलं की काय. नॉर्वेत लाकूड मिळतं आकारमानावर. चाळीस आणि साठ लिटरच्या गोण्या, आणि जुनं माप म्हणजे ‘फावन’: दोन मीटर लांब, दोन मीटर उंच आणि साठ सेंटिमीटर जाडीची रास, म्हणजे 2.4 घनमीटर. तिथं ओल्यानं माप फारसं बदलत नाही, म्हणून संशय वेगळा: विकणाऱ्यानं रास पोकळ रचली की काय. यातून एक मजा होते. वाळवायची रास पोकळ असलेली चांगली, विकायची रास घट्ट असलेली चांगली. एकच माणूस आपल्या अंगणात फटी राखतो आणि दुसऱ्याच्या अंगणात फटी मोजतो. बर्च महाग का, याचंही उत्तर या मापात आहे. किलोला किलो धरलं तर बहुतेक सगळी कोरडी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात. पण बर्च स्प्रूसपेक्षा जड आणि घट्ट, म्हणून त्याच फावनमधून तो बराच जास्त काळ पुरतो.

रचनेचे प्रकार पुष्कळ. सगळ्यात साधी म्हणजे वर वर्णन केलेली एका ओळीची, उन्हाकडे तोंड केलेली भिंत. जर्मनभाषक मुलखांतून आलेली गोल रास नॉर्वेतही दिसते. वर्तुळाच्या कडेनं ढलपे आतल्या बाजूला किंचित उतरते ठेवत जायचे, मधल्या पोकळीत वेडीवाकडी लाकडं उभी टाकायची, आणि वर सालीचे ढलपे छपरासारखे मांडायचे. जागा कमी लागते, रास पडत नाही आणि दिसते फार रुबाबदार. आतली लाकडं वाळतात का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला वाटतं, कोरड्या वाऱ्याच्या गावात वाळत असतील, दमट गावात ती गोलाई फसवी आहे. त्यापलीकडे लाकडांच्या टोकांचे रंग वापरून चित्रं काढणारे हौशी आहेत. अल्डर कापल्यावर नारिंगी होतो, पाइनचा गाभा तांबूस असतो, बर्च आणि स्प्रूस फिके. या रंगांतून राशीच्या दर्शनी बाजूवर मासे, झाडं, माणसांचे चेहरे उमटवतात. बघायला गंमत वाटते. पण मन रमत नाही. चित्र काढायचं तर लाकूड चित्राला हवं तिथं ठेवावं लागतं, वाऱ्याला हवं तिथं नाही. माझं मत साध्या भिंतीच्या बाजूनं आहे. तिची देखणी बाजू कुणी मुद्दाम आणलेली नाही. वाऱ्याची सोय करता करता ती आली आहे. दोन झाडांच्या मधे रास बांधणारेही असतात. दिसते छान, पण वारा सुटला की झाडं डोलतात, त्यांची मुळं जमिनीत हलतात आणि रास ढासळते. देखणेपणाच्या मागं लागलेल्यांना ही शिक्षा योग्यच म्हणायची.

एक रास मात्र चित्रांतूनच बघितली तरी विसरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडचा कोळसा तुटला आणि सगळा देश लाकडावर आला. शहरातल्या कारकुनांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांनी जंगलात जाऊन लाकडं तोडावीत अशी मोहीम निघाली, आणि ठरलेलं माप पुरं करणाऱ्याला लोखंडी, रुपेरी, सोनेरी कुऱ्हाडीचा बिल्ला मिळू लागला. हेलसिंकीतला हाकानिएमीचा बाजारचौक लाकडांच्या उंच राशींनी भरून गेला. त्या छायाचित्रांत माणसं राशींच्या गल्ल्यांतून चालताना दिसतात. तिथं सौंदर्य कुणाच्या मनात नव्हतं, आणि रचना तरीही नेटकी आहे. इतकी लाकडं वेडीवाकडी टाकली असती तर ती वाळली नसती आणि शहर गारठलं असतं.

हे सगळं कौतुक करताना एका गोष्टीवर पांघरूण घालणं बरोबर नाही. नॉर्वेतली बहुतेक सगळी वीज धबधब्यांवर तयार होते आणि घरं मुख्यतः विजेवरच तापतात. लाकूड जाळणं हा तिथं निम्मा आधार आणि निम्मी आवड आहे. अंगावर बेतलं तर भिंतीवर बटण असतं. शिवाय मितिंग यांच्या पुस्तकातलं जग बहुतांशी पुरुषांचं आहे: कुऱ्हाडी, साखळी करवती, जुने ट्रॅक्टर. आपल्याकडे लाकडाचं काम बायकांच्या डोक्यावरून चालत आलं. मोळी त्यांनी वाहिली, धूर त्यांनी गिळला, धुराडं कुणी बांधून दिलं नाही. त्यांच्यापैकी कुणी सरपणाचं रसग्रहण लिहिलं नाही यात नवल नाही, आणि गॅसची शेगडी आली तेव्हा त्यांनी चुलीसाठी गहिवर काढला नाही हेही योग्यच झालं. खुद्द नॉर्वेतही हिवाळ्यात शहरांच्या हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचा मोठा वाटा लाकडाच्या धुराचा असतो. म्हणून मी ज्या राशीचं कौतुक करतो ती नीट वाळलेली, नव्या चुलाण्यात जाणारी आणि विरळ वस्तीतली रास आहे. भर शहरात जुन्या चुलाण्यात ओलं लाकूड कोंबणाऱ्याच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे काही नाही.

नॉर्वेचं सरकारी दूरचित्रवाणी केंद्र एनआरके मंदगती कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध आहे. 2009 साली त्यांनी बर्गनच्या रेल्वेचा सात तासांचा प्रवास अखंड दाखवला होता, 2011 साली किनाऱ्यानं जाणारी बोट 134 तास दाखवली. 15 फेब्रुवारी 2013 या शुक्रवारी रात्री त्यांनी मितिंग यांच्या पुस्तकावरून प्रेरणा घेऊन बारा तास लाकडाला दिले. पहिले चार तास तोडणं, फोडणं, रचणं यांच्या गप्पा, आणि उरलेले आठ तास बर्गनमधल्या एका शेकोटीचं थेट प्रक्षेपण. पन्नास लाख वस्तीच्या देशात जवळजवळ दहा लाख लोकांनी त्यातलं काही ना काही पाहिलं. कार्यक्रम चालू असताना लाकडांच्या रचाईबद्दल तक्रारीचे साठेक संदेश आले. निम्म्यांचं म्हणणं होतं की साल वर ठेवली आहे हे चूक. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं होतं की साल खाली ठेवली आहे हे चूक.

या वादात मला पडायचंच आहे. रास उघड्यावर असेल तर सगळ्यात वरच्या थराची साल वर हवी. बर्चची साल कौलाचं काम करते. सगळ्यात खालच्या थराची साल खाली हवी, म्हणजे जमिनीतली ओल तिथंच अडते. वर पत्रा टाकला तर बाजू मोकळ्या ठेवाव्यात. राशीवर ताडपत्री गुंडाळणारा माणूस वाळवत नसतो, उकडत असतो. खोपीत साल कुठंही असली तरी फरक पडत नाही. आणि मधल्या थरांत ढलपा ज्या बाजूनं डुगडुगणार नाही आणि शेजाऱ्याला चिकटणार नाही, ती बाजू बरोबर. त्या रात्री संदेश पाठवणारे साठही जण चुकले होते.